वचन ऐकणे आणि वचन पाळणे : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा एक विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला की समीक्षकांची दृष्टी सामान्यतः दोन ठिकाणी जाऊन स्थिरावते. एक, फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण'. आणि दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अभंगरचना. तिसरा एक ग्रंथ असा आहे की ज्याचा उल्लेख सर्वांना करावा लागतो, पण जो उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हा तो ग्रंथ होय. रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, केडगावच्या मुक्ती मिशनने तो प्रसिद्ध केला. वाङ्मयेतिहासात त्याच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते आणि त्या वाक्याचा आशयही ठरून गेल्यासारखा असतो : श्रम अफाट, निष्ठा थोर, भाषा रुक्ष. या निर्णयामागे एक न बोललेली वाटणी आहे. टिळकांकडे ईश्वराविषयीचे प्रेम, रमाबाईंकडे ईश्वराचे आज्ञापालन. प्रेमातून काव्य निपजले, आज्ञापालनातून अक्षरशः केलेले भाषांतर. ही वाटणी सोयीची आहे. ती खरी आहे काय, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशयाला पहिली जागा मूळ धर्मग्रंथातच सापडते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू शिष्यांना जे सांगतो त्यात प्रीती आणि आज्ञा या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंफलेल्या आहेत. जो प्रीती करतो तोच आज्ञा पाळतो, असा त्या बोलण्याचा रोख आहे. येथे पाठभेदाचा एक मनोज्ञ प्रश्न आहे. पंधराव्या वचनातील ग्रीक क्रियापद काही हस्तलिखितांत आज्ञार्थी आहे, तर काहींत भविष्यकाळी. फरक केवळ एका स्वराचा आहे. पहिल्या पाठाप्रमाणे अर्थ होतो, 'प्रीती असेल तर आज्ञा पाळा'. दुसऱ्याप्रमाणे, 'प्रीती असेल तर आज्ञा पाळालच'. इंग्रजीतील जुन्या अधिकृत भाषांतराने पहिला पाठ घेतला; अलीकडील चिकित्सक आवृत्त्या दुसऱ्याकडे झुकतात. आज्ञार्थ घेतला की पालन ही प्रेमाची परीक्षा ठरते. भविष्यकाळ घेतला की पालन हे प्रेमाचे फळ ठरते. ख्रिस्ती जीवनाच्या दोन निरनिराळ्या कल्पना या एका स्वरावर उभ्या आहेत असे म्हटले, तरी ती अतिशयोक्ती होणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. याच अध्यायात प्रथम 'आज्ञा' असे अनेकवचन येते आणि थोड्या अंतराने त्या जागी 'वचन' असे एकवचन येते. सुट्या सुट्या आज्ञांची यादी मागे पडून बोलणाऱ्याचे एक सबंध बोलणे पुढे येते.

या स्थळी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते 'तेरेओ'. त्याचा मूळ अर्थ राखण करणे, जपणे असा आहे. जुन्या करारात त्याच्या जागी बहुधा हिब्रू 'शामार' येतो आणि त्याचा विस्तार मोठा आहे. एदेन बागेत मनुष्याला ठेवले ते तिची मशागत व 'शामार' करण्यासाठी. याकोब लाबानाच्या कळपाचा 'शामार' करतो. काईन उर्मटपणे विचारतो ते आपण भावाचे राखणदार आहोत काय म्हणून. आणि स्तोत्रकर्ता देवाची वचने राखतो तेही याच क्रियापदाने. बाग, मेंढरे, भाऊ आणि वचन या चारही गोष्टींशी असलेले नाते हिब्रू भाषा एकाच शब्दाने सांगते.

मराठीला या ठिकाणी काहीही उसने घेण्याची गरज पडत नाही. आपण शब्द पाळतो, व्रत पाळतो, दिलेली वेळ पाळतो, सोयर-सुतक पाळतो. आणि गायही पाळतो. पाळणा हा शब्द त्याच धातूचा. 'आज्ञापालन' या तत्सम समासात कवायतीचा जो कोरडा सूर ऐकू येतो, तो 'पाळणे' या तद्भव क्रियापदात नाही. पाळलेल्या गोष्टीला रोज चारा-पाणी लागते, तिच्यासाठी रात्री उठावे लागते, ही जाणीव त्या शब्दात मुरलेली आहे. 'ऐकणे' या क्रियापदाची कथाही तशीच. मुलगा ऐकत नाही असे आई म्हणते तेव्हा ती त्याच्या कानाविषयी तक्रार करीत नसते. हिब्रू 'शामा' अगदी याच दुहेरी अर्थाचा आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील, यहुदी लोक दिवसातून दोनदा म्हणतात त्या वचनांचा आरंभ याच शब्दाने होतो आणि ऐकण्याच्या आज्ञेनंतर लगेच प्रीती करण्याची आज्ञा येते. ग्रीकला ऐकण्यासाठी एक क्रियापद आणि त्याला उपसर्ग लावून मानण्यासाठी दुसरे, अशी योजना करावी लागली. मराठी या बाबतीत ग्रीकपेक्षा हिब्रूच्या जवळची आहे. हे सादृश्य योगायोगाचे असेल. परंतु मूळ हिब्रूवरून मराठीत येऊ पाहणाऱ्या भाषांतरकाराला तो योगायोग केवढा उपकारक आहे, याची कल्पना संस्कृतप्रचुर धार्मिक मराठीची सवय झालेल्या वाचकाला सहसा येत नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एकशे एकोणिसावे स्तोत्र हे वचनावरील प्रेमाचे बायबलमधील सर्वांत दीर्घ गान. एकशे शहात्तर वचने, हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांप्रमाणे आठ-आठांचे बावीस गट, आणि जवळजवळ प्रत्येक वचनात नियम, निर्बंध, साक्ष, विधी, वाणी अशा समानार्थी शब्दांपैकी एक तरी शब्द. हे सारे रचनाकौशल्य एका प्रेमिकाचे आहे. पण मराठी वाचकाला ते तसे भासत नाही, कारण 'तोरा' या शब्दासाठी रूढ झालेला मराठी प्रतिशब्द आहे 'नियमशास्त्र'. नियमशास्त्रावर कोणी प्रेम करते आणि दिवसभर त्याचे मनन करते, हे ऐकून मराठी मनाला नवल वाटते, किंचित हसूही येते. 'तोरा' म्हणजे मुळात शिकवण, वाट दाखविणे. तो अर्थ शास्त्र या शब्दाने झाकला गेला. जी गोष्ट आईच्या किंवा गुरूच्या तोंडची होती ती न्यायसभेत जाऊन बसली. 'प्रीती' या शब्दाचीही थोडी निराळी पंचाईत झाली आहे. बायबलच्या मराठीने तो ईश्वरविषयक प्रेमासाठी निष्ठेने राखला आणि त्याच सुमारास भावगीतांनी व चित्रपटांनी तो प्रणयासाठी उचलला.

आता रमाबाईंकडे वळावे. त्यांच्या बाबतीत 'वचन' हा प्रश्न धर्मान्तरानंतर उपस्थित झाला असे समजणे चूक आहे. तो त्यांच्याबरोबर वाढला. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत शिकविले गेले, हजारो श्लोक मुखोद्गत करविले गेले. तीर्थयात्रांतून आई-वडिलांबरोबर पुराणे सांगत ती हिंडली. पण वेद तिच्यासाठी नव्हते. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली तेव्हाही शास्त्रदृष्ट्या ती वेदाधिकारी नव्हतीच. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवून अभ्यास करण्याचा आग्रह धरला, असे रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. शास्त्रग्रंथ एकमेकांशी कितीही भांडोत, स्त्री आणि शूद्र यांना दूर ठेवण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे, हा निष्कर्ष त्यांनी त्या अभ्यासातूनच काढला. म्हणजे ईश्वराचे वचन ही रमाबाईंच्या दृष्टीने प्रथमपासून अडवून ठेवलेली गोष्ट होती. आज्ञा पाळायच्या, पण आज्ञा ज्या ग्रंथात आहेत तो ऐकायचा नाही, अशी स्त्रीची स्थिती होती. ऐकणे आणि पाळणे यांची जी सांगड मराठी क्रियापदात आपोआप बसते, ती प्रत्यक्ष धर्मव्यवहारात मुद्दाम तोडलेली होती.

त्याच आत्मनिवेदनात दोन पुस्तकांच्या भेटी वर्णिल्या आहेत. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. कलकत्त्यातील ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात रमाबाई व त्यांचे बंधू यांना बायबलची संस्कृत प्रत मिळाली. संस्कृत ही ज्यांची जवळजवळ मातृभाषा होती त्या या दोघांना ती वाचून काही बोध होईना. त्यातील संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते. पुढे विवाहानंतर आसाममधील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत लूकचे शुभवर्तमान बंगालीत हाती लागले आणि ते मात्र मनात उतरले. देववाणीतील वचन बंद राहिले आणि लोकवाणीतील उघडले. वीस-पंचवीस वर्षांनी केडगावला भाषांतराच्या मेजावर जे घडले त्याचे बीज या दोन भेटींत आहे. 

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकाचा अभ्यास करण्याच्या इराद्याने. कानांनी साथ न दिल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आज्ञापालनाचा खरा झगडा त्यानंतर सुरू झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध केला, त्यामुळे या झगड्याचा तपशील आता उपलब्ध आहे. चर्चने ठरविलेले काही सिद्धान्त रमाबाईंना बायबलमध्ये सापडेनात. त्रैक्याच्या मांडणीविषयी त्यांना शंका होत्या. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा दोघा बिशपांनी हिंदुस्थानातील लोकमताची भीती घालून ती गोष्ट अडविली, तेही त्यांना मान्य झाले नाही. जेराल्डिन यांच्या पत्रांतून उमटणारा आरोप एकच आहे : अहंकार आणि अवज्ञा. रमाबाईंचे उत्तरही एकच आहे. ईश्वराचे वचन मानणे निराळे आणि ते वचन आपल्या हाती आहे असे सांगणाऱ्याचे मानणे निराळे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवून घेतल्यानंतर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण ईश्वराच्या नावाने का घ्यावे, हा त्यांचा प्रश्न होता.

या पत्रव्यवहारात एक लहानसा प्रसंग आहे, ज्याचे वाङ्मयीन महत्त्व मोठे आहे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन असावीत याला रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा अधिक पवित्र असे काय आहे, आणि आपल्या भगिनींना ती अक्षरे कशी कळणार, असे त्यांचे म्हणणे. सिस्टर जेराल्डिन यांना ही गोष्ट हट्टाची वाटली असल्यास नवल नाही. परंतु भाषांतरकार रमाबाईंचा जन्म या पत्रात झाला आहे. त्या वेळी लॅटिनविरुद्ध त्यांनी संस्कृतची बाजू घेतली. पुढे संस्कृतविरुद्ध खेड्यातील मराठीची घेतली. वरवर पाहता हा विसंवाद दिसतो. वस्तुतः कसोटी एकच राहिली, ऐकणारीला कळते की नाही. बदलली ती ऐकणारी. १८८५ साली रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उच्चवर्णीय शिकलेली स्त्री होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींनी मुक्तीची घरे भरल्यानंतर ती ऐकणारी निराळीच झाली. या मुलींतील कित्येकींची मराठी ही जन्मभाषाही नव्हती. कोणत्याही देवाचे वचन त्यांना कोणी पूर्वी ऐकविले नव्हते.

अशा श्रोत्रीसाठी त्यांनी बायबल नव्याने मराठीत आणावयाचे ठरविले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ सालीच छापला होता आणि एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी व बायबल सोसायटीने भाषांतराची अनेक संस्करणे केली होती. रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. ती भाषा शिकलेल्यांची होती. आणि तिच्यातील ज्या शब्दांभोवती पुराणांचे व वेदान्ताचे अर्थवलय होते ते मूळातील आशय दुसरीकडे वळवितात, असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास, संस्था चालविण्याचा भार अंगावर असताना, त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. पंधरा-सोळा वर्षे हे काम चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, संस्थेतील स्त्रियांच्या हातून. मध्यंतरी १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतर पुरे होऊन मुद्रितांची तपासणीही उरकत आली होती.

या सर्वाला केवळ आज्ञापालन म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ बराच ताणावा लागेल. कोणी वरिष्ठाने हे काम सांगितलेले नव्हते. हे 'पाळणे' आहे, ज्या अर्थी गाय पाळतात त्या अर्थी. वचनावरील प्रेम येथे उद्गारांत दिसत नाही. शब्दकोश, व्याकरण, मुद्रिते यांच्या रोजच्या राबणुकीत ते दिसते. लूकच्या शुभवर्तमानात मरिया ज्या गोष्टी ऐकते त्या ती अंतःकरणात ठेवते, असे दोनदा सांगितले आहे. आणि तेथील दोन्ही ग्रीक क्रियापदे 'तेरेओ' याच धातूची, उपसर्ग लागून झालेली आहेत. रमाबाईंच्या हाती सिल्चरला प्रथम आलेले पुस्तक हेच होते.

तथापि श्रद्धेपोटी दोष झाकण्याचे कारण नाही. रमाबाईंचे भाषांतर साधे आहे, परंतु साधेपणा म्हणजे प्रवाहीपणा नव्हे. मूळ शब्दाला चिकटून राहण्याचा त्यांचा आग्रह इतका की हिब्रू वाक्याचा सांगाडा मराठी वाक्यातून पुष्कळदा डोकावतो. शब्द खेड्यातला आणि वाक्याची घडण परकी, अशी चमत्कारिक अवस्था त्यामुळे उत्पन्न होते. ज्या स्त्रीसाठी हे चालले होते ती बोलताना अशी वाक्ये करीत नाही. येथे 'शामार' चा एकच अर्थ, राखण करण्याचा, प्रबळ झाला. वचनाला बाहेरचा वारा लागू नये म्हणून कुंपण घातले गेले. पाळण्यातला दुसरा अर्थ, वाढविण्याचा, तेथे कमी पडला.

शब्दांच्या शुद्धतेविषयीचा त्यांचा विचारही तपासून घ्यावयास हवा. पूर्वीच्या धर्माचा गंध असलेले शब्द टाळावे, हा सिद्धान्त तर्काला पटण्यासारखा आहे. भाषेच्या स्वभावाला मात्र तो मानवत नाही. याची साक्ष खुद्द रमाबाईच देतात. १८८९ साली त्यांनी मुंबईत काढलेल्या शाळेचे नाव 'शारदा सदन'. केडगावच्या संस्थेचे नाव 'मुक्ती'. मुक्ती या शब्दाइतका वेदान्ताने व भक्तिमार्गाने वापरून गुळगुळीत केलेला दुसरा शब्द मराठीत क्वचितच असेल. तरीही केडगावला तो नव्या अर्थाने उभा राहिला, आणि तो अर्थ कोशाने दिलेला नव्हता. तेथे जगणाऱ्या बायकांनी तो त्याला दिला. म्हणजे शब्दाचे धर्मान्तर होऊ शकते, हे संस्थापिकेने कृतीने सिद्ध केले आणि भाषांतरकर्तीने तत्त्वतः नाकारले. या विसंगतीकडे समीक्षकांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

फादर स्टीफन्स यांचे धोरण याच्या अगदी विरुद्ध होते. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवी स्वीकारली, पुराणाचे स्वरूप स्वीकारले आणि स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटले. नवख्रिस्ती मंडळी ज्या पुराणश्रवणाला मुकली होती ते त्यांना परत मिळावे, ही त्यामागील दृष्टी ग्रंथारंभीच्या संवादातूनच प्रकट होते. येथेही ऐकणाऱ्यावर प्रेम आहे, आणि काव्यगुणांत तर तुलनाच नको. परंतु 'ख्रिस्तपुराणा'तील आज्ञापालनाचा विचार करताना साष्टीचा इतिहास विसरता येत नाही. देवळे पाडली गेलेल्या, १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइटांची हत्या व तिचा सूड पाहिलेल्या प्रदेशात हा ग्रंथ वाचला जात होता. आदामाच्या आज्ञाभंगाची कथा तेथील श्रोत्याच्या कानी पडत असे तेव्हा आज्ञा देणारी सत्ता केवळ स्वर्गात नव्हती. स्टीफन्स यांच्या ओवीचे माधुर्य खरे आहे. ती ऐकणाऱ्याला न ऐकण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्नही खरा आहे. वाँटेजला आणि चेल्टनहॅमला रमाबाईंनी जी मुभा भांडून मिळविली ती हीच. न ऐकण्याची मोकळीक असल्याशिवाय ऐकण्याला प्रीती म्हणता येणार नाही, हे योहानाच्या भविष्यकाळी पाठातही गृहीत आहे.

टिळकांचा विचार थोडक्यात करता येईल, कारण त्यांच्यावर विपुल लेखन झालेले आहे. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची स्वतःची भूमिका होती आणि 'अभंगांजली' तिची साक्ष देते. तेथे वचन हे व्यक्तीत विलीन होते. ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. लेकराने आईचे ऐकणे ही स्वतंत्रपणे सांगण्याची बाबच राहत नाही. ही त्या काव्याची शक्ती आणि मर्यादाही आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा, सर्वस्व विका, शत्रूला क्षमा करा, या विशिष्ट आणि गैरसोयीच्या आज्ञांची धार त्या मातृवात्सल्यात बोथट होते. आयुष्यात मात्र टिळकांनी ती धार बोथट होऊ दिली नाही. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. वचन मानावयाचे, पण वचनाच्या मक्तेदारांचे मानावयाचे नाही, या बाबतीत टिळक आणि रमाबाई एकाच पंक्तीत बसतात. एकाला प्रेमाचा कवी आणि दुसरीला आज्ञेची दासी ठरविणाऱ्या वाटणीचे काय राहिले?

या पालनाची किंमत कोणी मोजली, हाही समीक्षेचाच प्रश्न आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी वर्षे आली, त्यांचा वृत्तान्त 'स्मृतिचित्रां'त आहे आणि तो विनोदी लेखणीने लिहिलेला असल्यामुळे अधिकच झोंबतो. एकाने ऐकलेल्या हाकेला दुसरीने आयुष्याचे माप द्यावे, हे धर्मकाव्यात येत नाही. ते आत्मचरित्रात येते. रमाबाईंच्या बाबतीत हे माप मनोरमेने दिले असे म्हणण्यास जागा आहे. लहानपणापासून ती आईच्या व्रताचा भाग होती आणि त्यातच ती संपली.

रमाबाईंच्या बायबलला ख्रिस्ती समाजाने आपलेसे केले नाही. मंदिरांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. वचन ऐकविण्यासाठी केलेला ग्रंथ ऐकला गेला नाही, ही त्याची शोकान्तिका मानली जाते. पण येथेही थोडे सावधपणे बोलावयास हवे. स्वीकार हा भाषांतराच्या गुणवत्तेचा एकच निकष नव्हे, आणि एका स्त्रीने, कोणत्याही चर्चच्या आज्ञेवाचून केलेल्या भाषांतराला संस्थांची मान्यता मिळणे कठीणच होते. अभ्यासकांनी करण्याजोगे काम अद्याप शिल्लक आहे. एकशे एकोणिसावे स्तोत्र किंवा योहानाचा चौदावा अध्याय रमाबाईंच्या मराठीत आणि समकालीन बायबल सोसायटीच्या मराठीत ओळीने ताडून पाहावा; क्रियापदे कोठे तद्भव आहेत आणि कोठे तत्सम याची नोंद घ्यावी; वाक्याची घडण कोठे हिब्रूची आहे आणि कोठे केडगावची, हे दाखवून द्यावे. 'रुक्ष' हा शिक्का त्यानंतर मारावयाचा की पुसावयाचा ते ठरेल.

त्या तुलनेत एका वाचकवर्गाची गणना करावी लागेल, जी वाङ्मयेतिहासाने केलेली नाही. मुक्तीच्या छापखान्यात ज्या स्त्रिया खिळे जुळवीत होत्या, त्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळखही त्याच संस्थेत झालेली होती. संपूर्ण बायबल त्यांच्या बोटांखालून गेले. त्यांनी ते उलट्या अक्षरांत, एकेक खिळा उचलून, इतर सर्वांच्या आधी वाचले.